सुहास सरांची कागदी पावलं

सुहास चिटणीस सरांच्या हाताला नुसता हात म्हणणं म्हणजे महाकालच्या सवारीच्या गर्दीला थोडी वर्दळ म्हणण्यासारखं आहे. तो पंजा आहे. सर एका सरकारी शाळेत व्यायामशिक्षक होते आणि संध्याकाळी आखाड्यात मल्लखांब शिकवायचे. एरंडेल चोळलेला खांब आणि आमच्या पाठी, या दोनच वस्तू त्या हातांनी जन्मभर हाताळल्या. ‘शाबास’ म्हणून थाप पडली की पोरगं पुढे फेकलं जायचं आणि ‘गाढवा’ म्हणून पडली तरी तितकंच फेकलं जायचं. त्यामुळे आपली प्रगती होते आहे की अधोगती, हे आम्हाला शाळा सुटेपर्यंत कळलं नाही. उज्जैनमध्ये फ्रीगंजच्या मागच्या कॉलनीत आता मी त्यांचा शेजारी आहे. माझी पन्नाशी उलटली, पोट तर माझ्याही पुढे गेलं, पण सरांच्या फाटकापाशी आलो की ते आपोआप आत जातं.

अशा माणसावर यंदा भाद्रपदात कागदाची मांजर करायची वेळ आली.

त्याचं असं झालं. सरांची सून मृणाल, तिला सातवा महिना लागला आणि एका सकाळी रक्तस्राव सुरू झाला. मुलानं, अनिकेतनं, तिला गाडीत घालून इंदूरच्या दवाखान्यात नेलं. बाळाची वार खाली आहे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पलंगावरून उठायचं नाही, पाय जमिनीला लावायचा नाही, दोन आठवडे बघू आणि मग ठरवू. अनिकेत तिच्यापाशी राहिला. इकडे उज्जैनच्या घरी उरले दोघंच, सर आणि त्यांची नात मधुरा. मधुरा यंदाच शाळेत जाऊ लागली होती. तिची आजी, म्हणजे आमच्या रजनीकाकू, दोन वर्षांपूर्वीच गेल्या. त्या असत्या तर हा लेख लिहायची गरजच पडली नसती, कारण त्यांनी एका हातानं आमटीला फोडणी देत दुसऱ्या हातानं कागदाचा मोर करून दिला असता.

मधुराला एकदा आईला भेटायला नेलं होतं. तिनं दारातच भोकाड पसरलं. मृणाल सगळं विसरून पलंगावरून उतरली, पोरीला उचलून घेतलं, आणि त्याच संध्याकाळी पुन्हा रक्त गेलं. त्यानंतर भेट बंद. फोनवर तोंड दाखवणंही बंद, कारण इकडे ही रडायची आणि तिकडे ती उठून बसायची.

मोठ्यांनी मधुराला यातलं काही सांगितलं नाही. पण पोरांना न सांगितलेलंच आधी कळतं. आपण रडलो म्हणून आई येत नाही, असा तिनं हिशेब लावला आणि रडणंच सोडून दिलं. मग बोलणं सोडलं. जेवण दोन घासांवर आलं. शाळेत जायचं नाव काढलं की दाराची कडी धरून उभी राहायची. दिवसभर पायरीवर बसून फाटकाकडे बघायची, आणि रिक्षा वाजली की उठून उभी राहायची.

सरांनी जे येत होतं ते सगळं करून पाहिलं. सत्तरीच्या वयात अंगणात शीर्षासन करून दाखवलं. मधुरानं उलट्या बापूकडे, म्हणजे आजोबांकडे, पाहिलं, आणि पुन्हा फाटकाकडे. कोलांटी मारली, तिच्यात तुळशीची कुंडी गेली. शेवटी कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ लावून दिला. घरच्या घरी, लहान मुलांसाठी, सोपी कागदकला.

सोपी! या शब्दानं जितकी माणसं रडवली तितकी कांद्यानंही रडवली नसतील. व्हिडिओतल्या बाईंची बोटं भेंडीसारखी सडपातळ. त्या हसत हसत एक घडी घालतात, दुसरी उलगडतात, मध्येच ‘असं’ म्हणतात, आणि त्या एका ‘असं’मध्ये कागदाचं मांजर होऊन जातं. इकडे सर गर्जत होते, “थांबा बाई, थांबा! एकेक हुकूम द्या! आधी सावधान, मग घडी!” त्यांनी पीटी घेतल्यासारखी आकड्यांवर घडी घालायला सुरुवात केली. एकवर कागद दुमडला, दोनवर फाटला, तीनवर सर दुसरा कागद आणायला उठले.

मला भिंतीपलीकडून हाक आली. “गोपाळकृष्ण! तेल घेऊन ये!”

जाऊन पाहतो तर छोट्या कात्रीच्या कड्यात सरांचा अंगठा अडकलेला. अंगठा निळा, कात्री गुलाबी.

“सर, ही कात्री पाच वर्षांच्या मुलांची आहे.”

“मग तसं लिहायचं ना वर!”

“लिहिलंय.”

एरंडेल लावून अंगठा सोडवला. टेबलावर एक वस्तू पडली होती. वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, “वा सर, घोरपड छान जमली.”

“मांजर आहे ती,” सर म्हणाले. त्यांनी पायरीवर बसलेल्या नातीच्या पाठीकडे पाहिलं आणि आवाज इतका खाली आणला की मी त्यांचा तो आवाज आयुष्यात प्रथमच ऐकला. “तिला पाणी पाहिजे असलं तरी बोट दाखवून राहिली आहे यार, गोपाळ. मी एवढी पोरं खांबावर चढवली. ही एक पोर पायरीवरून उठत नाही माझ्याच्यानं.”

तेवढ्यात समोरच्या अमृता भाभी वाटीभर खीर घेऊन आल्या. भाभी अस्सल माळव्याच्या. त्यांनी टेबल पाहिलं, घोरपड पाहिली, पायरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “भाई साब, श्राद्ध लग रहे हैं। छोरी से संजा मंडवाओ ना।”

आमच्याकडे माळव्यात पितृपक्ष लागला की कुंवाऱ्या मुली दाराशेजारच्या भिंतीवर संजा मांडतात. रोज एक नवं चित्र, संध्याकाळी त्याची आरती, गाणी आणि प्रसाद. पूर्वी हे शेणानं आणि फुलांनी चालायचं, आता चमकीच्या कागदाचं कापून चिकटवतात. शेवटी अमावास्येला सगळ्यात मोठं चित्र येतं, तो किल्ला. त्याला म्हणतात किलाकोट.

आता आम्ही इथली मराठी मंडळी शिंदेशाहीत चिटणिशी, फडणिशी करायला आलो त्याला अडीचशे वर्षं होत आली. इथले पोहे-जिलबी आमचे झाले, दाल-बाफले आमचे झाले, भाषा तर अर्धी त्यांचीच झाली. पण संजा आम्ही नेहमी रस्त्याच्या या बाजूनं पाहिली. आमच्याकडे पितृपक्ष म्हणजे वडे, खीर, कावळा आणि गप्प बसणं. संजेच्या घरात काय चालतं, तिचा शेवट काय, हे मराठी पुरुषाला विचाराल तर तो अगदी आत्मविश्वासानं चुकीचं सांगेल. सरांच्या डोक्यात भाद्रपद म्हटलं की गौरी. गौरी काय करतात? घरी येतात. रजनीकाकू फाटकापासून आतपर्यंत रांगोळीची पावलं काढायच्या आणि त्यांवरून गौरी घरात यायच्या. तेव्हा भिंतीवर मांडलेली ही कागदाची बाईसुद्धा घरीच येणार, दुसरं काय करणार? सरांनी भाभींना एवढंच विचारलं की सुरुवात कशी करायची. शेवट विचारला नाही. मीही शेजारी उभा होतो, मीही विचारला नाही.

सर तरातरा पायरीवर गेले. “मधुरा, सावधान! आपण संजा मांडायची. ही संजा म्हणजे आपली आई. रोज एक चित्र. किल्ला झाला की आई घरी.”

पोरीनं मान वळवली. “नक्की?”

किती दिवसांनी तोंडातून शब्द आला होता. त्या शब्दासाठी सरांनी महाकालचं शिखरही लिहून दिलं असतं. “नक्की,” ते म्हणाले.

दवाखान्यातून तसं कुणी काहीही सांगितलेलं नव्हतं.

पौर्णिमेला पाटला झाला. पाटला म्हणजे चौकोन, आणि चौकोन सरांना जमला, कारण मल्लखांबाच्या खड्ड्याचं माप त्यांना तोंडपाठ होतं. चिकटवायला त्यांनी मैद्याची खळ शिजवली, ती बादलीभर. एवढ्या खळीत निवडणुकीची पोस्टरं लागली असती. चौपडीच्या, म्हणजे सोंगट्यांच्या पटाच्या, दिवशी मधुरानं स्वतः कात्री घेतली. सरांचं काम एकच, कागद ताणून धरायचा. पंचमीला पाच कुंवारे म्हणजे पाच ब्रह्मचारी पोरं कापायची होती. ती सरांनी आखून दिली आणि सगळ्यांची पोटं सुटली.

“हा गोपाळकाका,” मधुरा एकाकडे बोट दाखवून म्हणाली. “हा पण गोपाळकाका.”

“सगळेच गोपाळकाका आहेत बेटा,” सर म्हणाले. “व्यायाम सोडला की असं होतं.”

ती हसली. सर आत गेले आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले.

मग सातिया म्हणजे स्वस्तिक झालं, आठ पाकळ्यांचं फूल झालं. त्या फुलाला सरांच्या हातून एक पाकळी जास्तच आली, ती मधुरानं हळूच कापून टाकली आणि म्हणाली, “कोणाला सांगू नको.” ती जेवायला लागली. कॉलनीतल्या मुली संध्याकाळी गाणी म्हणायला येत आणि तिच्या हातात प्रसादाची वाटी देत. वाटी कपड्यानं झाकलेली असायची, आत काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं अशी रीत. सर रोज ओरडून ‘शेंगदाणे!’ म्हणत आणि रोज चुकत. पण दिवसा मला फाटकाशी गाठून विचारत, “काय रे, दोन आठवडे म्हणजे अमावास्येपर्यंत होऊन जातील ना?” मी म्हणायचो, “होऊन जातील सर.” त्यांना कुणीतरी ‘नक्की’ म्हणायला हवं होतं. तो शब्द त्यांनी स्वतः वाटून टाकला होता आणि आता त्यांच्याचजवळ शिल्लक नव्हता.

नवमी आली. रजनीकाकू सवाष्ण गेल्या, म्हणून त्यांचं श्राद्ध अविधवा नवमीला. मधुराला ठेवणार कुणाकडे, तेव्हा सर तिला घेऊनच शिप्रेवरच्या राम घाटावर गेले. मीही होतो. विष्णू गुरुजी मंत्र म्हणत होते, सरांच्या बोटात दर्भाचं पवित्रक बसत नव्हतं, गुरुजींनी तीनदा सैल करून दिलं. पाण्याकडे बघत मधुरानं विचारलं, “आजी कुठे आहे?”

सर पिंडांच्या गडबडीत होते. “आजी शिप्रेत आहे बेटा. आपण तिला इथेच सोडलं होतं ना.”

तिनं मान हलवली. मोठी माणसं किती सहज बोलून जातात आणि पोरं ते कुठे ठेवून देतात!

त्या दिवशी संजेत डोकरा-डोकरी, म्हणजे म्हातारा आणि म्हातारी मांडायची होती. डोकरा मधुरानं कापला. डोकरी सरांनी मागून घेतली. स्वयंपाकघरातली मोठी कात्री घेऊन ते खिडकीशी बसले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या हातून कागद सरळ कापला गेला. अंबाडा आला, नऊवारीचा काष्टासुद्धा आला. रजनीकाकू नऊवारी फक्त गौरींना नेसायच्या. सर म्हणाले, “नाक थोडं मोठं झालं. ती रागावेल.”

आरतीला अमृता भाभी आल्या. डोकरी पाहून त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि मग मुलींना सांगू लागल्या, आता थोडेच दिवस राहिले, “अमावस को किलाकोट मंडेगा, फिर संजा बाई को शिप्राजी में सिरा देंगे। बाई अपने ससुराल चली जाएगी।”

सिरवणं म्हणजे नदीत सोडणं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. मधुराच्या हातातली प्रसादाची वाटी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत कोरी होती.

सरांच्या आरोळीनं अख्खी कॉलनी जागी झाली. आधी मांजरावर संशय गेला, मग वाऱ्यावर, मग माझ्यावर. “गोपाळकृष्ण, तू पहाटे इकडे आला होतास का?” कात्र्याही गायब, मोठी आणि छोटी दोन्ही. मधुरा मृणालच्या कपाटाला पाठ लावून उभी होती, हात मागे, ओठ घट्ट. सरांनी तिला अलगद उचलून बाजूला केलं आणि कपाट उघडलं. मृणालच्या साड्यांच्या घड्यांत सगळी संजा नीट ठेवलेली. पैठणीत पाटला, जरीकाठात पाच गोपाळकाका, एका पदरात दोन्ही कात्र्या, आणि डोकरी सगळ्यात तळाशी, कुणाला सापडू नये अशी.

“हे काय केलंस गं?”

“आईला नदीत नाही द्यायचं.”

“कोण म्हणालं आईला नदीत?”

“किल्ला झाला की संजा नदीत जाते. तू म्हणालास संजा म्हणजे आई. आजी पण नदीत आहे.”

मी आयुष्यात पुष्कळ वाद ऐकलेत. उज्जैनमध्ये चहाच्या टपरीवर शास्त्रार्थ चालतो. पण इतका बिनतोड युक्तिवाद ऐकला नव्हता.

अमृता भाभींना बोलावलं. त्या ऐकूनच रडायला लागल्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही. मग मी पुढे सरसावलो. मी म्हटलं, “हे बघ मधुरा, संजा सासरी जाते ना? मग तुझ्या आईचं सासर कुठलं? हेच घर! म्हणजे ती इकडेच येणार की नाही?” मला माझ्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं.

मधुरानं नीट विचार केला. “पण जाते नदीतून,” ती म्हणाली. “आजी गेली नदीत. ती आली का परत?”

यावर मी उठून घरी आलो.

दुपारी अनिकेतचा फोन आला. सरांनी तो अंगणात उभं राहून घेतला, टाचा जुळवून, जणू राष्ट्रगीत चाललंय. पुन्हा रक्त गेलं होतं. आता बाळंतपण होईपर्यंत घरी सोडणार नाहीत. मृणालला रक्त चढवलं. दोघांचंही आज काही सांगता येत नाही, रोजचा दिवस पुढे ढकलायचा, बस. फोन ठेवून सर भिंतीपाशी आले. “मी नक्की म्हणालो होतो रे,” ते म्हणाले. “मला कोणी विचारलं नव्हतं. मीच म्हणालो.” मग बराच वेळ ते आपल्या पंज्यांकडे बघत होते, जणू कुणा दुसऱ्याचे हात चुकून आपल्याकडे राहिलेत.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. पोरगी पुन्हा मुकी झाली. आता पायरीवरही बसेना, कपाटाला पाठ लावून बसायची, तिथेच झोपायची. सर दारात बसून तिच्याकडे बघायचे. दोघंही पहारा देत होते, एक कपाटावर आणि एक तिच्यावर. खळीच्या बादलीला बुरशी आली. फोन वाजला की सर दचकायचे आणि घेण्याआधी एकदा आकाशाकडे बघायचे. मी डबा घेऊन जायचो आणि तसाच परत आणायचो.

अमावास्येच्या दुपारी कॉलनीतल्या मुली आपापल्या संजा टोपलीत घालून, गाणी म्हणत नदीकडे निघाल्या. तो आवाज ऐकून मधुरानं कपाटाच्या दोन्ही मुठी धरल्या.

“आज अमावास्या ना?” तिनं विचारलं. “आई येणार?”

मी सरांकडे पाहिलं. आयुष्यभर या माणसाला ‘येत नाही’ असं म्हणता आलेलं नाही. पोहता येत नसताना त्यांनी आम्हाला पोहायला शिकवलं आहे. ते तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“नाही बेटा. आज नाही येणार. कधी येणार ते बापूला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना पण माहीत नाही. किल्ल्याचं मी आपल्याच मनानं बोलून गेलो. संजा वेगळी, आई वेगळी. तेसुद्धा मी चुकीचं सांगितलं.”

“मग आई कुठे आहे?”

“पलंगावर. तिला पाय जमिनीला लावायची मनाई आहे.”

“मी रडले म्हणून उतरली होती.”

“तू रडलीस म्हणून नाही. ती आई आहे म्हणून उतरली.”

मग मधुरा रडली. इतक्या दिवसांचं साठवलेलं एकदम आलं. सरांनी तिला त्या पंज्यांत घेतलं तर ती जवळजवळ दिसेनाशीच झाली. रडता रडता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, “पाय नाही लावला तर ती येणार कशी?”

सरांची नजर उंबऱ्याकडे गेली. तिथे गौरींच्या पावलांची एक फिकट पांढरी खूण अजून फरशीच्या फटीत राहिली होती. त्यांनी फोन उचलला.

“अनिकेत, तू आज कपडे न्यायला येणार आहेस ना? येताना मृणालचे पाय घेऊन ये.”

पलीकडून अनिकेतचा घाबरलेला आवाज मलाही ऐकू आला. “बापू, तुम्ही जेवलात का?”

“अरे, कागदावर! तळव्याला कागद लाव आणि पेन्सिल फिरव. तिला हलवू नको. हलवलंस तर याद राख!”

संध्याकाळी आम्ही देवास गेटला इंदूरच्या बसची वाट बघत उभे होतो. अनिकेत उतरला तो दाढी वाढलेला, डोळे आत गेलेले, हातात सोनोग्राफीचं खाकी पाकीट. पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं दोन पावलं काढलेली. “तिघी नर्सा जमल्या होत्या बघायला,” तो म्हणाला. “मृणालला गुदगुल्या झाल्या. हसली. किती दिवसांनी…” सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि पहिल्यांदाच असं झालं की थाप खाणारा जागचा हलला नाही.

घरी येऊन मधुरानं आधी आईची चप्पल आणली आणि पावलावर ठेवून पाहिली. पाऊल चपलेबाहेर येत होतं.

“आईचे पाय मोठे झाले.”

“सुजलेत,” अनिकेत म्हणाला.

“दोघांचे आहेत ना,” मधुरा म्हणाली, “म्हणून.”

पाऊल ही जगातली सर्वांत सोपी कागदकला. खाली नमुना ठेवायचा, वर रंगीत कागद, कडेनं पेन्सिल, कडेनं कात्री. व्हिडिओतल्या बाई लागत नाहीत. सर दोन्ही पंजे टेकवून कागद धरून बसले, आणि धरायच्या कामात त्या पंज्यांना तोड नाही. कागद जागचा हलायची हिंमत करत नव्हता. मधुरा कापत गेली, डावं, उजवं, डावं, उजवं. अमृता भाभी नदीवरून परतल्या आणि दारात थबकल्या. “भाई साब, श्राद्ध की अमावस को लक्ष्मीजी के पगल्ये? ये तो दिवाली पे होता है।”

“लक्ष्मीजींचे नाहीत भाभी,” सर म्हणाले. “हमारी मृणाल के हैं.”

भाभींनी हातातली रिकामी टोपली खाली ठेवली, आणि कात्री मागितली.

फाटकापासून पायरी, पायरीवरून उंबरा, उंबऱ्यापासून मृणालच्या पलंगापर्यंत पावलं लागली, सगळी आत येणारी. संजा पुन्हा भिंतीवर गेली. किलाकोट मधुरानं केला, पण तो तिला पूर्ण नकोच होता. तिनं किल्ल्याला भिंती केल्या, बुरूज केले, आणि दरवाजाची जागा मोकळी सोडली. सरांनी विचारलं, “दार?” ती म्हणाली, “आत्ता नाही.” तो तसाच भिंतीवर आहे. नदीत काहीही गेलेलं नाही.

आज मी हे लिहितो आहे तेव्हा नवरात्र निम्मं सरलं आहे. मृणाल अजून इंदूरलाच आहे. परवा पुन्हा एक वाईट रात्र गेली, काल बरी गेली, आजचं अजून कळलेलं नाही. फोन वाजला की सर आकाशाकडे बघतात, ते काही थांबलेलं नाही. मधुरा विचारते, “आई?” आणि ते जे असेल ते सांगतात. पुष्कळदा ‘माहीत नाही’ म्हणतात. त्यावर ती जेवते.

पावलं मात्र रोज बघावी लागतात. दवानं भिजतात, कोपरे सुटतात, खार एखादं पळवते. मधुरा सकाळी शाळेत जाण्याआधी एकेक तपासते, फाटलेल्या जागी नवं लावते. त्यांच्यावर कुणीही पाय ठेवायचा नाही, असा नियम आहे. त्यामुळे सरांच्या घरात आता कुणी चालत जात नाही. दूधवाला कॅन घेऊन उडी मारतो. विष्णू गुरुजी सोवळं सावरत उडी मारतात. अमृता भाभी भिंतीला धरून कडेकडेनं सरकतात. आणि मी, ज्याला सरांनी शाळेत लांब उडीत कायमचा नापास केला होता, रोज संध्याकाळी डबा छातीशी धरून फाटकातून पायरीवर झेप घेतो. पायरीवर मधुरा बसलेली असते, गळ्यात बापूंची शिट्टी. काल माझी टाच एका डाव्या पावलाच्या अंगठ्यावर पडली.

शिट्टी वाजली. “गोपाळकाका, परत!” मधुरा ओरडली. “फाटकापासून!”

मी परत गेलो.